आसन रिक्त

माझ्या पुतणीचं लग्न एकदा ठरून मोडलं आणि पाच महिन्यांनी त्याच मुलाशी लागलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मोडायला कारण एवढंच झालं, की लग्नानंतर मी नोकरी करणार असं तिनं फोनवर सांगितलं आणि तो "बघू" म्हणाला. "बघू म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी जन्म काढू?" असं विचारून तिनं फोन ठेवला. पुढं पाच महिने तो बिचारा रोज फोन करून "बघायचं काही नाही, कर तू नोकरी" असं सांगत होता, तेव्हा कुठं जमलं.

तिच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, पहिल्या तारखेसाठी कोट शिवला होता. दुसऱ्या तारखेला तो अंगात चढवला तर खांदे खाली लोंबायला लागले. वहिनीनं शिंप्यावर तोंडसुख घेतलं. मी म्हटलं, कापडच हलकं, सैल पडलं असेल. दादानं आरशात बघितलं आणि म्हणाला, "असू दे. आत अजून एक पाहुणा मावेल." सगळे हसलो. मीसुद्धा.

दादा आणि मी एकाच फार्मवर कामाला होतो. तो ट्रॅक्टर चालवायचा, मी वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम करायचो. त्याची एकेचाळीस वर्षं झाली होती, माझी चौतीस. मला अक्षरओळख नव्हती. रंगावरून वायर ओळखायची, एवढीच माझी विद्या. बावन्नाव्या वर्षी ह्याच पुतणीनं मला धरून बसवलं आणि वाचायला शिकवलं. तिनं दादालाही पाटी दिली होती. दोन दिवसांनी त्यानं ती परत केली. "दोन भावांत एक शिकला की पुरे," म्हणाला, "घरात चष्माही एकच आहे."

लग्नाच्या दोन वर्षं आधी फार्मवर आपोआप वळणारा ट्रॅक्टर आला होता. त्याच्या छपरावर पांढरी थाळी पालथी घातल्यासारखं एक यंत्र असतं, ते आकाशातल्या सॅटेलाइटकडून जागा विचारून घेतं. ड्रायव्हरनं ओळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर न्यायचा आणि उजव्या हाताखालचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की स्टिअरिंग सोडून द्यायचं. मग ते आपलं आपण फिरतं आणि शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत दोरीसारखी ओळ निघते. पण बटण दाबलं म्हणून दिवा लागेलच असं नाही. ते आधी चार गोष्टी तपासतं. सॅटेलाइट दिसतोय का, वेग बरोबर आहे का, कुणी स्टिअरिंग धरून ठेवलंय का, आणि सीटवर माणूस आहे का. चारातली एक जरी चुकली तरी ते पकडत नाही, आणि चालू असताना चुकली तर सोडून देतं.

पहिल्या दिवशी दादा जाम भडकला होता. "एकोणचाळीस वर्षं मी सरळ ओळ काढली, आता ही थाळी मला शिकवणार?" महिन्याभरात मात्र तो तिच्या प्रेमात पडला. संध्याकाळी खांदे दुखायचे थांबले. त्यानं ट्रॅक्टरचं नाव 'जावई' ठेवलं. "मान दिला तर सगळं करतो. जरा कमी पडलं की फुगून बसतो."

लग्नाला महिना झाला असेल. मोठ्या शेताची पेरणी तोंडावर होती. दादा वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"धाकट्या, जावई फुगलाय."

"काय झालं?"

"बटण पकडत नाही. दहादा दाबलं तर एकदा पकडतं, आणि शेताच्या मध्यावर गेलं की सोडून देतं. मागची ओळ बघ, सापासारखी झालीय."

मी ट्रॅक्टरवर चढलो, आवारात फिरवला, बटण दाबलं. लगेच हिरवा दिवा. पुन्हा दाबलं, पुन्हा हिरवा. दहा वेळा केलं, दहाही वेळा पकडलं.

"दादा, ठीक आहे की."

"तुझा हात गोड आहे," दादा म्हणाला. "चढतो मी."

तो चढला, बटण दाबलं. दिवा नाही.

बटणावर सगळ्यात आधी संशय घ्यायचा, हा आमचा नियम. दिवसभर धूळ खातं, घामेजल्या अंगठ्याखाली झिजतं. मी हाताखालचं पॅनेल उघडलं, बटण काढलं, मीटर लावला. दाबलं की मीटर वाजायचा, सोडलं की गप्प. बटण निर्दोष. तरी मी नवं बसवलं. मग पॅनेलपासून सीटमागच्या डब्यापर्यंत सगळी वायर हाताखालून घातली. एका ठिकाणी उंदरानं कुरतडलेली दिसली, ती कापून जोडली आणि जग जिंकल्यासारखा खाली उतरलो. जोडाच्या पिना घासल्या. बॅटरीकडून चेसीला येणारी तार सोडवून गंज काढला. दोन दिवस गेले. मी बसलो की पकडायचं. दादा बसला की नाही.

आमच्याकडे दुसरा एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. सकाळी हजेरीला सुरू झाला की संध्याकाळी फाटकाबाहेर पडेपर्यंत बंद व्हायचा नाही. तो डबा घेऊन वर्कशॉपच्या पायरीवर बसला आणि सुरू झाला.

"अहो दादा, बटण अंगठ्यानं दाबायचं असतं. तुम्ही त्याला आशीर्वाद देत असाल."

"तू खाली उतर, तुला आशीर्वाद देतो."

"नाही, पण मला पकडतंय. धाकट्यांना पकडतंय. तुम्हालाच कसं पकडत नाही? जावई सासऱ्यावर रुसला म्हणायचा."

सगळे हसले. दादाही हसला, पण त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच लावलं.

दुपारी मॅनेजरबाईंनी आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं. बाई वयानं माझ्या पुतणीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. उगाच आवाज चढवायच्या नाहीत.

"दादा, मोठं शेत शनिवारपर्यंत पेरून व्हायला हवं. चार दिवसांचं काम आहे आणि आज मंगळवार. उद्या सकाळी ट्रॅक्टर नीट चालला तर तुम्ही पेरा. नाहीतर मी त्यांना बसवते." त्यांनी रेडिओचं नाव घेतलं नाही, पण तो बाहेर बोलतच होता, ऐकू येत होता. "आणि मग तुम्ही गोदामाकडे बघा. तिथं सावलीत काम आहे. वयही झालंय."

"चालेल बाई," दादा म्हणाला.

बाहेर आल्यावर पंपापाशी थांबून तो मला म्हणाला, "धाकट्या, मला गोदामात नाही मरायचं. एवढं मोठं शेत मला पेरू दे. पुढचं पुढं."

मी म्हटलं, "बघू."

"पोरीनं ऐकलं तर तुझंही लग्न मोडेल," असं म्हणून तो ट्रॅक्टरकडे गेला.

मी त्याच्याबरोबर शेतावर गेलो. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक छोटी घडीची सीट असते, तिच्यावर बसलो. दोन दिवस मी यंत्र बघत होतो. म्हटलं आता माणसाला बघू.

आणि पहिल्याच ओळीत मला चोर सापडला. दादा सीटवर बसलाच नव्हता. म्हणजे बसला होता, पण अर्धा. जुने ड्रायव्हर सगळे असेच बसतात. डावी मांडी सीटवर, उजवी हवेत, एक हात स्टिअरिंगवर आणि मान मागं वळवून नजर पेरणीयंत्रावर. चाळीस वर्षं मागं बघत पुढं जायचं, हेच त्यांचं काम. सीटखाली एक स्विच असतो. वजन पडलं की दाबला जातो आणि माणूस बसलाय असं यंत्राला कळतं. दादाचं अर्धं वजन तर सीटबाहेरच होतं.

मी ओरडलोच. "दादा! सरळ बस! तू बसतच नाहीस, म्हणून तो सोडतोय!"

"मी बसलोय की."

"एका कुल्ल्यावर बसलायस. दोन्ही टेक."

दादानं माझ्याकडे बघितलं, एवढ्या वर्षांनी भाऊ बसायला शिकवतोय म्हणून. मग आम्ही दोघं इतके हसलो, की ट्रॅक्टर थांबवावा लागला. त्यानं डोळे पुसले. "रेडिओला सांगू नकोस. वर्षभर वाजवील."

तो सरळ बसला. मांडीवर मांडी नाही, वळणं नाही, शाळेत बसवलेल्या मुलासारखा. बटण दाबलं. दिवा लागला. मी टाळी वाजवली. वीसएक पावलं गेलो, एक छोटा उंचवटा आला, आणि दिवा गेला.

पुन्हा दाबलं. लागलाच नाही.

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. समोरच्या पडद्यावर एक तपासणीचं पान असतं. ते उघडलं की त्या चार गोष्टींतली कुठली जागेवर आहे, कुठली नाही, ते लिहून येतं. मी ते पान टाळत होतो, कारण अक्षर बारीक आणि जोडाक्षर आलं की मी अजून अडखळतो. चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला लागलो. सॅटेलाइट ठीक. वेग, थांबलेलो होतो म्हणून शून्य. स्टिअरिंग मोकळं. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

आसन रिक्त.

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, माझंच चुकलं. पुतणी म्हणायची, काका, घाई करू नका, एकेक अक्षर सुटं करून वाचा. मी सुटं करून वाचलं. 'रिक्त' शब्द मला चांगला माहीत होता, ऑफिसच्या फळ्यावर जागा भरायची असली की लिहायचे. मी शेजारी बघितलं. दादा सीटवर होता. सरळ, दोन्ही पाय जमिनीवर, पाठ टेकलेली.

"काय म्हणतंय?" त्यानं विचारलं.

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"धाकट्या, शिकलास कशाला मग? वाच की."

"म्हणतंय, सीटवर कुणी नाही."

दादा पडद्याकडे बघत राहिला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी बघत राहिला. मग पँट वर ओढली. तेव्हा मला दिसलं, की पट्ट्याला कारखान्याची भोकं संपून पुढं खिळ्यानं पाडलेली तीन भोकं होती. पट्टा फिरून पाठीपर्यंत गेला होता.

"एक तार इकडची तिकडे जोड," तो हळूच म्हणाला. "तुला येतं ते. सीटवर कायम माणूस आहे असं त्याला वाटू दे."

येत होतं. दोन मिनिटांचं काम. पण तो स्विच कशासाठी असतो, हे मला दादानंच शिकवलं होतं. फाटकावरचा आमचा वॉचमन पूर्वी ड्रायव्हर होता. जुन्या ट्रॅक्टरवरून डुलकीत खाली पडला, आणि ट्रॅक्टर त्याच्या पायावरून जाऊन तसाच पुढं कालव्यात शिरला. त्याला उचलून दवाखान्यात नेणारा दादाच होता.

"नाही जोडणार," मी म्हटलं.

"भाऊ आहेस की मॅनेजर?"

"भाऊ आहे म्हणून नाही जोडणार. पडलास तर वहिनीला मी काय सांगू?"

तो उठून शेजारच्या घडीच्या सीटवर बसला. मी ट्रॅक्टर चालवत परत आणला. माझ्याखाली सीट मुकाट्यानं दबली आणि हिरवा दिवा लख्ख लागला. तो दिवा बघून मला स्वतःची लाज वाटली. कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही दोघं रोज एकत्र जेवत होतो आणि गेले कित्येक महिने दादा आपल्या डब्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवायचा. "खा, तुला वायरी ओढायच्यात." मी खात होतो. माझ्या शर्टाची पोटावरची बटणं तटतटायला लागली होती, आणि पुतणी मला 'काका, जुळं आहे का?' म्हणून चिडवायची. भाऊ प्रेमानं देतोय, म्हणून मी ताटात बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी गोदामात कुणी नव्हतं. बियाण्याची पोती तोलायचा मोठा काटा तिथं असतो. मी म्हटलं, "चढ."

"मी काय पोतं आहे?"

"चढ म्हणतो ना."

"बूट काढू की राहू दे?"

"राहू दे."

"पान्हे पण खिशात आहेत. चांगले दीड किलोचे असतील."

"राहू दे, दादा. चढ."

तो चढला आणि छताकडे बघत उभा राहिला. आकडा मी वाचला. पान्हे, बूट, जाड जाकीट धरून त्रेपन्न. दोन वर्षांपूर्वी नवा ट्रॅक्टर आला तेव्हा कंपनीच्या माणसानं ह्याच काट्यावर त्याला तोलून सीट लावून दिली होती. तेव्हा तो पंच्याण्णव होता आणि काट्यावरून उतरताना काट्यालाच म्हणाला होता, "दुखलं नाही ना?"

"किती?" त्यानं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"काटा हलका झालाय," तो म्हणाला. मी हसलो नाही, म्हणून मग तो पोत्यावर बसला आणि सांगायला लागला. जेवण जात नव्हतं. सात-आठ महिने झाले होते. घास गिळला की छातीच्या खाली अडकायचा. आधी पोरीचं लग्न मोडलं म्हणून बोलला नाही, मग जमलं म्हणून बोलला नाही. "घरात गाणी चालली होती. मधेच काय सांगायचं?"

"वहिनीला माहीत आहे?"

"तिनंच तर भोकं पाडली पट्ट्याला. तिला वाटतं, काळजीनं झालं. आता पोर सुखात आहे, भरून येईल असं म्हणते."

मी त्याला बाहेर ट्रॅक्टरपाशी नेलं. सीटच्या खाली पुढच्या बाजूला एक गोल मूठ असते. ती फिरवली की सीटची स्प्रिंग ताणते किंवा सैल होते. ड्रायव्हर जड असेल तर ताणायची, हलका असेल तर सैल सोडायची. स्प्रिंग पंच्याण्णव किलोला ताणलेली होती. तिच्यावर आता बसणारा माणूस तिला माणूस वाटतच नव्हता, म्हणून खालचा स्विच दाबला जात नव्हता. मुठीच्या कडेला आकडे कोरलेले आहेत. दोन वर्षं मी त्या सीटखाली हात घालत होतो, त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. सगळ्यात खालचा आकडा पन्नास.

मी मूठ धरून म्हटलं, "फिरवतो. पण आज घरी गेल्यावर वहिनीला सांगायचं, माझ्यासमोर. आणि उद्या डॉक्टर."

"पेरणी झाल्यावर डॉक्टर."

"उद्या."

"अरे, आठ महिने थांबलं ते चार दिवसांत पळून जाणार आहे? सोमवारी जाऊ. हिला आज सांगतो. तू फिरव."

आम्ही असं बराच वेळ घासाघीस केली. शेवटी ठरलं, की घरी आजच सांगायचं, सोमवारी डॉक्टर, आणि चारही दिवस मी शेजारच्या सीटवर बसणार. मग मी मूठ फिरवली. पंचवीस-तीस फेरे लागले. स्प्रिंग करकरत होती. दादा सीटवर बसला तशी सीट दोन बोटं खाली गेली. पडद्यावर मी बोट ठेवून वाचलं.

"आता काय म्हणतंय?"

"म्हणतंय, बसलायस."

घरी वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही रोज शेजारी जेवता ना?" मी खाली बघितलं. मग तिनंच पाण्याचा तांब्या पुढं केला. "मीही रोज शेजारी झोपते. तुम्हाला एकट्याला कशाला बोलू?" मग दादाकडे वळली. "आणि अहो, त्या शिंप्याची जाऊन माफी मागा. मी त्याला नको नको ते बोलले."

सकाळी मॅनेजरबाईंनी दुरुस्तीची वही पुढं केली. "काय दोष निघाला?"

मी म्हटलं, "सीट ड्रायव्हरच्या वजनाला लावलेली नव्हती."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. खिडकीतून दादा दिसत होता, ट्रॅक्टरची काच पुसताना. त्यांनी बराच वेळ तिकडं बघितलं. त्यांना कळलं. "शेजारी कुणी बसणार आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "मग वर्कशॉपचं काम चार दिवस थांबेल," म्हणाल्या आणि वही मिटली.

रेडिओला राहवलं नाही. "दादा, निघालं काय शेवटी?"

"जावयाला नीट टेकून बसणारा सासरा हवा होता," दादानं वरून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

चार दिवस आम्ही पेरलं. ओळीच्या तोंडाशी दादा बटण दाबायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि तो हात मांडीवर ठेवून बसायचा. मधूनच सवयीनं मागं वळायचा, उजवी मांडी उचलायचा. मी म्हणायचो, "दोन्ही टेक." तो म्हणायचा, "लग्नात फोटो काढतानाही एवढा त्रास नव्हता." दुपारी मी त्याला मऊ भात ताकात कालवून चमच्यानं भरवला तर चिडला, पण सहा चमचे खाल्ले. मी मोजत होतो. लहानपणी आमची आई कामावर जायची तेव्हा ह्यानंच मला भरवलं होतं, आणि मी थुंकायचो, असं तो सांगत होता. "तू फार घाण खायचास." शेवटच्या दिवशी तो एका ओळीच्या मध्यावर झोपला. बसल्या जागी, दिवा चालू, स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. मी उठवलं नाही. टोकाला ट्रॅक्टर वळवायची वेळ आली तेव्हा खांद्याला हात लावला. तो दचकून म्हणाला, "सरळ आहे ना?" मी म्हटलं, सरळ आहे.

शनिवारी दुपारी साडेतीनला ओळी संपल्या. त्यानं दिवा बंद केला, आणि टोकाला वळण्यासाठी सोडलेली शेवटची पट्टी स्वतःच्या हातानं, मागं वळून, एका मांडीवर बसून काढली. मी 'दोन्ही टेक' म्हटलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. अन्ननलिकेत गाठ होती. फार उशीर झाला होता असंही नाही आणि वेळेत होतं असंही नाही, असं काहीतरी ते बोलले. उपचार केले. पुतणीनं नोकरी सोडली नाही, पण रोज संध्याकाळी येऊन त्याच्याजवळ बसायची, आणि तिचा नवरा त्याची दाढी करून द्यायचा. दादा त्याला म्हणायचा, "बटण न दाबता काम करणारा जावई पहिल्यांदा बघतोय."

माझा थोरला भाऊ त्या पेरणीनंतर नवव्या महिन्यात, गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता, घरी वारला. तो सदुसष्ट वर्षांचा होता.